डीव्हीडी बिघडली तर आधी तिचं कडं बघा



आपल्या गटांमध्ये कॉम्प्युटर आला तो हिशोबासाठी. हप्त्यांचे तक्ते, बँकेची पत्रकं, मीटिंगची इतिवृत्तं. पण घरात कॉम्प्युटर आला की तो एका कामावर थांबत नाही. कुणी शाळेचे अर्ज भरून देऊ लागल्या, कुणी पत्रिका छापायला घेतल्या, आणि आमच्या काही गटांतल्या बायकांनी कॅमेरा घेऊन बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांचं शूटिंग करून डीव्हीडी मारून द्यायचं काम सुरू केलं. लग्नाच्या ऑर्डरी तालुक्याचे फोटोग्राफर घेतात. पण डोहाळजेवणाला बायकांच्या घोळक्यात कॅमेरा घेऊन बाईच आलेली बरी वाटते, म्हणून हे काम चालतं.

आणि मग डीव्हीडी परत येतात. "ताई, आमच्या प्लेयरवर लागत नाही." "ताई, ओटी भरताना चित्र अडकतं, पुढे जातच नाही." पाच दिल्या तर त्यातल्या दोन परत. कोऱ्या डीव्हीडीचे पैसे गेले ते एक वेळ सोसतात, पण गिऱ्हाईक सोप्यात बसून म्हणतं, "बायकांना कॉम्प्युटर द्यायचा म्हणजे असंच व्हायचं." हे ऐकून एका गटातल्या वहिनींनी दोन महिने ऑर्डरच घेतली नाही. कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला होताच. म्हणून आजचं बोलणं त्या परत आलेल्या डीव्हीडींवर.

बिघडलेली डीव्हीडी बघितली की बहुतेक जणी दोनपैकी एक करतात. एक तर दुसरी डीव्हीडी घालून तेच बटण पुन्हा दाबायचं, किंवा कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. दोन्हीत पैसे जातात. बिघाड कुठे झाला हे डीव्हीडी स्वतः सांगते, तिला उजेडात धरून बघितलं पाहिजे एवढंच.

कोऱ्या डीव्हीडीच्या पोटात रंगाचा एक अगदी पातळ थर असतो. जांभळट दिसतो तो. रायटरमधला लेझरचा किरण त्या रंगाला तापवून बारीक बारीक डाग पाडत जातो. ते डाग म्हणजे आपलं शूटिंग. हे लिहिणं सुरू होतं मधल्या भोकाच्या बाजूने आणि गोल गोल फिरत काठाकडे येतं, रांगोळीत आपण ठिपका मध्ये ठेवून बाहेर वाढवत जातो तसं. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा थोडा वेगळ्या छटेचा दिसतो. डीव्हीडीची चकाकती बाजू खिडकीकडे तिरकी धरली की आतून बाहेर आलेलं एक गोल कडं दिसतं. या कड्याची रुंदी बघायची. शूटिंगच छोटं असेल तर कडं छोटंच दिसणार, ते सोडून द्या. पण दीड-दोन तासांचं शूटिंग घातलं असेल तर कडं जवळजवळ काठापर्यंत यायला हवं.

आता तीन गोष्टी होऊ शकतात. कडं दिसतच नाही. कडं मध्येच तुटलेलं दिसतं. किंवा कडं पूर्ण आहे, तरी डीव्हीडी लागत नाही.

कडं दिसतच नाही, म्हणजे रायटरने लिहायला सुरुवातच केली नाही. इथे सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न जरा बावळट वाटेल, पण विचारा: आपल्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर आहे का? जुन्या किंवा स्वस्तात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये कॉम्बो ड्राइव्ह असते. ती सीडी वाचते, सीडी लिहिते, डीव्हीडी वाचते, पण डीव्हीडी लिहीत नाही. सिनेमा छान दिसतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं येतं. ड्राइव्हच्या दारावरची अक्षरं बघा. डीव्हीडी या शब्दाखाली नुसतं 'रॉम' असेल तर ती वाचणारी. 'मल्टी रेकॉर्डर' किंवा 'आर' आणि 'आरडब्ल्यू' अशी अक्षरं डीव्हीडीच्याच चिन्हाला जोडून असतील तर ती लिहिणारी. नीट बघा, कारण 'आरडब्ल्यू' कधी कधी शेजारच्या सीडीच्या चिन्हाखाली असतं. एका गटाने कोऱ्या डीव्हीडीचा 50 चा डबा आणला, दहा-बारा घालून पाहिल्या, आणि ड्राइव्ह निघाली कॉम्बो. डबा फुकट गेला नाही, नवा रायटर बसवल्यावर कामी आला, पण मधल्या काळात सगळ्यांनी दुकानदाराला किती शिव्या घातल्या त्याचा हिशोब नाही.

रायटर आहे, तरी सुरुवातीलाच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' असं काही लिहून येतं आणि डीव्हीडी बाहेर पडते. हा संदेश वाचून बायकांना वाटतं लाइटचा घोटाळा आहे. तसं नाही. लिहिण्याआधी रायटर डीव्हीडीच्या अगदी आतल्या कडेला थोडं लिहून बघतो, या रंगाला किती आच लागेल ते ठरवतो. तव्यावर पाण्याचा शिपका मारून आपण ताव बघतो, अगदी तसंच. वाचायला लेझर मंद लागतो, लिहायला कितीतरी जास्त जोराचा. म्हणून असं होतं की ड्राइव्ह सिनेमे दाखवते आणि लिहायचं म्हटलं की हात टेकते. कारणं बहुधा दोन. एक, डीव्हीडीचा रंगच हलका. दोन, लेझरची भिंग धुळीने माखलेली किंवा लेझर म्हातारा झालेला.

कुठलं ते कसं ओळखायचं? दुसऱ्या कंपनीची एकच सुटी डीव्हीडी आणा. तीवर नीट लिहिलं गेलं तर दोष पहिल्या डब्याचा. आठवडी बाजारात नावाजलेल्या कंपनीचं नाव छापलेले नकली डबेही मिळतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. आधी दोन-चार सुट्या घेऊन बघायच्या, चालल्या तर त्याच दुकानातून त्याच जातीचा डबा घ्यायचा. आणि दुसऱ्या कंपनीचीही तशीच परत आली तर ड्राइव्हकडे बघा. आपल्या घरात कॉम्प्युटर कुठे असतो? सोप्यात, रस्त्याच्या धुळीत, नाही तर माजघरात, चुलीच्या धुराजवळ. एका ताईंच्या घरी तो पिठाच्या गिरणीच्या खोलीत होता. भिंग साफ करायला बारीक ब्रश लावलेली सीडी मिळते, ती घालून एकदा फिरवा. ओलं फडकं, रॉकेल, अत्तराचा फाया असले प्रयोग ड्राइव्ह उघडून करू नका. साफ करूनही लिहीत नसेल तर रायटर बदलायचा. अख्खा कॉम्प्युटर बदलायला कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, ड्राइव्ह सुटी मिळते आणि चार स्क्रूंवर बसते.

आता दुसरं, मध्येच तुटलेलं कडं. लिहायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. आपल्याकडे याचं पहिलं कारण लोडशेडिंग. ज्या डीव्हीडीवर नुसतं 'आर' आहे ती एकदाच लिहिली जाते. दहाव्या मिनिटाला लाइट गेली की ती गेली, पुन्हा लाइट आली म्हणून उरलेलं पुढे लिहिता येत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक असेल तर त्यात बघून हे काम धरा. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरंच वीस मिनिटं टिकते का ते डीव्हीडी न घालता एकदा तपासा. आमच्याकडचे बरेचसे यूपीएस दोन वर्षांत नुसती शिट्टी वाजवायला उरतात. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून, वर चार्जरही लावून ठेवा.

दुसरं कारण घरातलं. रायटर लिहीत असताना त्याला मागून माल सतत मिळावा लागतो. आपण पुऱ्या तळायला बसलो आणि लाटणारी मध्येच उठून गेली तर कढईतलं तेल जळत बसतं, तसं. लिहिणं चालू असताना पोरं गेम लावतात, व्हायरसची तपासणी आपोआप सुरू होते, किंवा अर्धा तास कुणी हात लावला नाही म्हणून कॉम्प्युटर झोपी जातो. नव्या रायटरांमध्ये माल तुटला तर थांबून पुन्हा तिथूनच उचलण्याची सोय असते, पण कॉम्प्युटरच झोपला तर ती सोय काय करणार? म्हणून लिहायला लावण्याआधी झोपायची सेटिंग बंद करा, इंटरनेट काढा, आणि त्या पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देऊ नका. शूटिंग सरळ कॅमेऱ्यातून, पेनड्राइव्हमधून किंवा मोबाइलच्या कार्डातून डीव्हीडीवर पाठवू नका. आधी हार्ड डिस्कवर उतरवा, मग तिथून लिहा.

तिसरं, जागा. पुष्कळ सॉफ्टवेअर लिहिण्याआधी सगळा माल एकदा सी ड्राइव्हवर जमवतात. शूटिंग चार जीबीचं, त्याचं डीव्हीडीसाठी केलेलं रूप आणखी चार जीबीचं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असेल तर काम मध्येच मरतं आणि दोष डीव्हीडीला जातो. दहा जीबी मोकळी ठेवा. जागा असूनही 'डिस्क भरली' असं म्हणत असेल तर तो ड्राइव्ह जुन्या फॅट 32 पद्धतीचा असेल. त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. कॉम्प्युटरवाल्याकडून तो एनटीएफएस करून घ्या, माल न पुसता होतं, तरी आधी नक्कल काढून ठेवा.

यूएसबीने जोडायचे बाहेरचे रायटर काही जणींनी घेतलेत. त्यातल्या बऱ्याच रायटरांच्या केबलला दोन तोंडं असतात. दुसरं तोंड जास्तीची वीज घ्यायला असतं, शोभेला नव्हे. दोन्ही लावा, आणि कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूच्या खाचेत लावा. आणि अजूनही ज्यांच्याकडे विंडोज एक्सपी आणि आतून चपटी रुंद केबल असलेली जुनी ड्राइव्ह आहे, त्यांच्यासाठी एक खास दुखणं. ड्राइव्ह पुन्हा पुन्हा अडखळली की एक्सपी तिचा मार्ग आपणहून मंद करून टाकतं आणि नंतर पूर्ववत करत नाही. मग पंधरा मिनिटांची डीव्हीडी पाऊण तास चालते आणि माउससुद्धा अडखळत हलतो. दुरुस्तीवाल्याला 'पीआयओ मोडमध्ये गेलाय का, बघा' एवढं सांगितलं की पुरे, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तिसरं. कडं पूर्ण आहे, कॉम्प्युटरवर चित्र दिसतं, आणि गिऱ्हाइकाच्या प्लेयरवर 'नो डिस्क'. आमच्याकडे परत येणाऱ्या डीव्हीडींत या सगळ्यात जास्त असतात. इथे डीव्हीडी चांगली असते, रायटर चांगला असतो. चूक असते ती भाषेची.

टीव्हीशेजारचा जुना डीव्हीडी प्लेयर शिकलेला असतो एकच भाषा. त्याला डिस्कमध्ये 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर हवा, त्यात ठरावीक नावांच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या व्हीओबी फाइली हव्यात. कॅमेऱ्यातली किंवा मोबाइलमधली फाइल नुसती उचलून डीव्हीडीवर टाकली तर ती झाली सामानाची डीव्हीडी. कॉम्प्युटर ती उघडतो, नव्या प्लेयरांपैकी काही उघडतात, जुना प्लेयर नाही. पिठाचा डबा पाठवून भाकरी मागितल्यासारखं आहे हे. भाकरी करावी लागते. म्हणजे आधी 'डीव्हीडी व्हिडिओ' बनवणारं सॉफ्टवेअर वापरायचं. डीव्हीडी स्टायलर आणि डीव्हीडी फ्लिक ही दोन फुकट मिळतात. विंडोज 7 च्या होम प्रीमियम आणि वरच्या आवृत्त्यांमध्ये विंडोज डीव्हीडी मेकर आधीपासून असतो, पण स्वस्त कॉम्प्युटरवर तेव्हा बहुधा होम बेसिक यायचं आणि त्यात तो नसतो. शेजारणीकडे आहे आणि माझ्याकडे का नाही, याचं उत्तर हे.

हे रूपांतर वेळखाऊ आहे. दोन तासांच्या शूटिंगला जुना कॉम्प्युटर तीन-चार तास घेतो. टक्क्यांचा आकडा हळूहळू सरकत असेल तर तो हँग झालेला नाही, राहू द्या. रात्री लावून झोपा, आणि लिहिण्याचं काम सकाळी वेगळं करा.

त्यातच एक पर्याय विचारला जातो, पाल की एनटीएससी. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 25 चित्रं. पुष्कळ सॉफ्टवेअर एनटीएससी धरूनच बसलेली असतात, कारण ती पद्धत अमेरिकेची. तसंच राहिलं तर जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वर-खाली पळतं. पाल निवडा.

आणखी एक गंमत. बनलेल्या डीव्हीडीत 'ऑडिओ टीएस' नावाचाही फोल्डर दिसतो आणि तो रिकामा असतो. एका ताईंनी ते बघून, आवाज आलाच नाही म्हणत चांगल्या तीन डीव्हीडी बाजूला टाकल्या होत्या. तो फोल्डर रिकामाच असतो. आवाज चित्राबरोबर व्हीओबी फाइलींमध्येच असतो.

भाषेची दुसरी चूक विंडोज 7 मध्येच लपलेली आहे. कोरी डीव्हीडी घातली की ते विचारतं, ही डिस्क कशी वापरणार? वरचा पर्याय पेनड्राइव्हसारखी, खालचा पर्याय सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी. आधीपासून निवडलेला असतो वरचा. आपण 'नेक्स्ट' दाबून मोकळ्या होतो. वरच्या पर्यायाने लिहिलेली डिस्क कॉम्प्युटरवरच चालते, घरच्या प्लेयरला ती कोरीच वाटते. खालचाच पर्याय घ्या. आणि तो घेतला म्हणजे भाकरी झाली असं नाही बरं का, रूपांतर आधी झालेलं हवंच.

तशीच एक खूण 'फायनलाइज' किंवा 'क्लोज डिस्क' नावाची असते. पाकिटाला डिंक लावण्यासारखं. ते न करता काढलेली डीव्हीडी आपल्या ड्राइव्हला समजते, परक्या प्लेयरला समजत नाही. घाईत असताना 'झालं' असं दिसल्यावर लगेच बटण दाबून डिस्क बाहेर काढू नका. शेवटची दोन मिनिटं तेच काम चालू असतं, ड्राइव्ह आपणहून दार उघडेल.

कोऱ्या डीव्हीडीवर उणे किंवा अधिकचं चिन्ह असतं. आताचे बहुतेक रायटर दोन्ही लिहितात. जुन्या प्लेयरला उणेवाली जास्त मानवते, म्हणून गिऱ्हाइकाला द्यायला आम्ही उणेवालीच घेतो. पुसून पुन्हा लिहायची आरडब्ल्यू डीव्हीडी सरावाला फार छान, नवीन शिकणारीच्या हातात तीच द्यावी. पण तिची चकाकी कमी असते, जुने प्लेयर तिला ओळखत नाहीत, तेव्हा ती घरातच ठेवा.

मग ती ओटी भरताना अडकणारी डीव्हीडी? कडं काठापर्यंत आहे, सुरुवात छान आहे, शेवट अडकतो. शेवटचा भाग म्हणजे काठाजवळचा भाग. तिथे डिस्क जास्त डगमगते, रंगाचा थर तिथे कमी सारखा असतो, आणि आपली बोटंही तिथेच लागतात. उपाय दोन: थोडं कमी भरायचं आणि हळू लिहायचं.

डब्यावर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर मात्र 4.37 दाखवतो. फसवणूक नाही ही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर 1024 च्या पटीत. माप वेगळं, माल तेवढाच. आपण कॉम्प्युटरच्या मापाने चार, सव्वाचार जीबीवर थांबावं. बारशाचं दोन तासांचं चित्रीकरण एका डीव्हीडीत नीट बसतं. तीन तास कोंबायचे म्हटलं तर चित्राचे चौकोन पडतात. दोन डीव्हीडी करा आणि दोन्हीचे पैसे घ्या. उलट, तासाभराचं शूटिंग असेल तर सॉफ्टवेअर चित्राचा दर्जा अगदी वर नेऊन ठेवतं आणि जुन्या प्लेयरची दमछाक होते. दर 8 एमबीपीएसच्या आत ठेवला तर तासाचं काम सुमारे साडेतीन जीबीत बसतं आणि अडकत नाही.

वेगाचं म्हणाल तर एक पट वेगाने पूर्ण डीव्हीडीला साधारण 57 मिनिटं लागतात. डब्यावर '16 एक्स' असतं म्हणजे सोळा पट, पाच-सहा मिनिटांत काम. आम्ही 8 वर लिहितो, कटकट दिसली तर 4 वर, त्याला चौदा-पंधरा मिनिटं लागतात. त्याहून खाली, एकवर वगैरे, जाण्यात अर्थ नाही. आताच्या डीव्हीडींचा रंग वेगाने लिहिण्यासाठी केलेला असतो, फार मंद आचेवर तो उलट नीट उमटत नाही. लिहून झाल्यावर तपासण्याची, 'व्हेरिफाय'ची खूण असते, ती लावाच. वेळ जवळजवळ दुप्पट होतो, पण परत आलेल्या डीव्हीडीपायी दुसऱ्या गावाला एसटीने हेलपाटा घालण्यापेक्षा तो वेळ परवडतो.

वर कागदी गोल लेबल चिकटवू नका. ते थोडंसं जरी एका बाजूला झुकलं तरी डिस्क फिरताना हेलकावते, आणि उन्हाळ्यात सुटून प्लेयरमध्ये अडकतं. मऊ टोकाच्या मार्करने नाव लिहा, बॉलपेनने दाबून नको. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, ताट पुसल्यासारखी गोल गोल नाही. गोल ओरखडा लिहिलेल्या ओळीच्या बाजूने जातो आणि सलग मजकूर खातो.

एका गावातली गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या गटाने दोन आजींच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित केल्या. पहाटे, खरं जातं मांडून, खरं दळण दळत. डीव्हीडी झाली, स्क्रीनवर 'यशस्वी' असं आलं, आणि दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाची ऑर्डर होती म्हणून मुलीने कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. संध्याकाळी डीव्हीडी लावली तर आत काही नाही. कडं बघितलं असतं तर बोटाएवढंही नव्हतं. कार्ड पुसलं तरी माल लगेच नाहीसा होत नाही, वरून नवीन लिहिलं जाईपर्यंत तो खाली असतो. म्हणून असं झालं तर पहिली गोष्ट, ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवायचं, त्यावर एक फोटोसुद्धा काढायचा नाही. मग रिक्युवा किंवा फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरने ते शोधता येतं. या गटाने मधल्या वेळात हळदीकुंकवाचं शूटिंग त्याच कार्डावर केलं होतं. तरी काही ओव्या हाताला लागल्या. थोरल्या आजी त्यानंतरच्या थंडीत गेल्या, त्यामुळे बाकीच्या पुन्हा घेता आल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या गटांत ठरलंय. डीव्हीडी दोन वेगळ्या मशीनवर लावून, सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. एक मशीन आपलं, दुसरं शेजाऱ्यांचा जुन्यातला जुना प्लेयर. त्यावर चालली तर गावात कुठेही चालेल. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन डीव्हीडी दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या, शिवाय एक प्रत हार्ड डिस्कवर. पत्र्याखालच्या लोखंडी पेटीत किंवा उन्हाच्या फडताळात नको. तो रंग उन्हानेच फिका पडतो.

जाता जाता एक. "कॉम्प्युटर आहे ना, मग हा सिनेमा मारून द्या" असं म्हणणारे येतात. विकतच्या सिनेमाची डीव्हीडी कॉपी होत नाही तेव्हा तो बिघाड नसतो, तिला कुलूप घातलेलं असतं. ते उघडून देणारे आहेत, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अशा नकला विकायला किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान 50 हजार रुपये दंड आहे. गटाच्या नावावर हे काम घेऊ नका. भाऊजी असोत की सरपंच, नाही म्हणा.

बिघडलेल्या डीव्हीडी फेकून देण्याआधी प्रत्येकीवर मार्करने चार गोष्टी लिहा: तारीख, कंपनी, वेग, आणि कडं किती आलं. दहा-बारा साठल्या की एकदा मीटिंगमध्ये सतरंजीवर मांडा. सगळ्या एकाच कंपनीच्या असतील, किंवा सगळ्या संध्याकाळी सहा-सातच्या असतील, ते लगेच डोळ्यांत भरतं. मग दोरीत ओवून ज्वारीच्या रानात बांधा. हुरड्यावर येणाऱ्या पाखरांना ती चकाकी सोसत नाही, निदान चार दिवस तरी.